शेपटीहलवी

कसबा बावडा, कोल्हापूर
९ डिसेंबर २००१

मीनाबाई यांस,

नमस्कार. 'सप्रेम' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे.

कालच्या पेपरात पाचव्या पानावर तुमचा फोटो आला आहे. खाली छापलंय, 'गारगोटीच्या पक्षीबाई'. आमच्या ह्यांनी चहाबरोबर पेपर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बघ, तुझी मीना झळकली." तुझी मीना! मी चष्मा पुसून पाहिलं. तळ्याच्या काठी चाळीसेक मुलं बसलेली आहेत आणि एकाचंही तोंड कॅमेऱ्याकडे नाही, सगळी पाण्याकडे बघतायत. तिसरी-चौथीच्या मुलांना असं बसवणं किती कठीण असतं ते छापणाऱ्याला कळलं नसेल. मला कळलं. फोटो चांगला आहे.

बातमी चांगली नाही. हिवाळ्यात मुलांना वर्गाबाहेर नेऊन पक्षी शिकवायची कल्पना तुमची, असं त्यात म्हटलं आहे. ही कल्पना १९८४ ची आहे आणि बावड्याची आहे. शनिवारची सकाळची शाळा, साडेसातला हजेरी, आठला रांग धरून नदीकडे. तुम्ही तेव्हा नव्या होता आणि खंड्या दाखवून "बाई, हा राघू का?" असं मला विचारलं होतंत. प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. मी झाले, १९६५ साली, वर्गात आम्ही दोनच मुली होतो. दुर्बीण माझी होती. दोन वर्षांत तुम्हाला दुर्बिणीशिवाय माझ्या आधी पक्षी दिसायला लागले, हे मात्र खरं. ते मी कधी बोलून दाखवलं नाही. आज लिहिते.

इथे मला मुलं हेडबाई म्हणतात. अठ्ठावीस वर्षांत एकानेही पक्षीबाई म्हटलं नाही. म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. फक्त नोंद म्हणून सांगितलं.

यंदा शनिवारी माझ्याबरोबर नऊ मुलं येतात. हंगाम चालू आहे, कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या बैलगाड्या लागलेल्या असतात, निम्मी मुलं कांडी ओढायला मागे राहतात. गारगोटीला ऊस नसेल असं म्हणू नका, मी विचारून घेतलं आहे.

चार वर्षांपूर्वी तुम्ही संस्थेकडे अर्ज करून गारगोटीच्या शाळेत बदली मागून घेतलीत, ती एका पक्ष्याच्या नावावरून. एक मुलगी रडली आणि तुम्ही म्हणालात, नाव बदलू या. मी नाही म्हटलं. परीट हा परीटच. थंडीत येतो, पाण्याच्या काठी शेपटी आपटत चालतो, धुणं आपटल्यासारखी, म्हणून जुन्या लोकांनी त्याला ते नाव दिलं. कुणी रडलं म्हणून शास्त्रात नावं बदलत नाहीत. एवढंच घडलं होतं. कुणी आणखी काही सांगत असेल तर त्याचं तो जाणे.

एप्रिलमध्ये मी निवृत्त होते. त्याआधी पेपरला खुलासा पाठवावा. दोन ओळी पुरेत.

गिरिजा हुक्केरी
मुख्याध्यापिका


४ जानेवारी २००२

मीनाबाई यांस,

खुलासा आला नाही. उत्तरही नाही.

हे पत्र लिहीत आहे, पण आज टाकणार नाही. परीक्षकाने स्पर्धकाला पत्र लिहू नये. निकाल पंचवीस तारखेला द्यायचा आहे, त्यानंतर जाईल.

इथल्या एका मंडळाने जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांसाठी हिवाळी पक्षीवहीची स्पर्धा ठेवली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शेवटच्या तीन वह्या माझ्याकडे आल्या आहेत. पहिली येईल ती वही छापून जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना वाटणार आहेत. पुढच्या हिवाळ्यात हजारो मुलं ती हातात घेऊन बाहेर पडतील.

शाळांची नावं कागद चिकटवून झाकली आहेत. तुमच्या वहीवरचा कागद फुकट गेला. पहिलं पान उघडलं आणि पाय दिसले. सगळ्या जगातली मुलं पक्षी डोक्यापासून काढायला घेतात आणि खाली येईपर्यंत कंटाळतात, त्यामुळे पाय म्हणजे दोन काड्या. तुमची मुलं आधी पाय काढतात. पेन्सिलीला टोक असतं तोवर पाय, मग चोच, पक्षी सगळ्यात शेवटी. शेकाट्याचे ते लांब लाल पाय मी बोट लावून पाहिले.

तिथेच वही मिटून 'ही मी ओळखली आहे' असं मंडळाला कळवायला हवं होतं. मी ऑफिसचं दार लावून घेतलं आणि केरबा शिपायाला सांगितलं, कुणाला आत सोडू नकोस.

वहीत शेवटचा एक रकाना आहे. 'आज कोण आलं न्हाय.' हा रकाना मी कुठल्याही पुस्तकात पाहिलेला नाही. तुतारी या पाणपक्ष्याबद्दल एका मुलाने लिहिलंय: "आज तुतारी आली न्हाय. रोज येती. आमी वाट बघून परत आलो." त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात: "बुद्धभूषण पण आला न्हाय. त्याला ताप हाय." आणि पुढच्या शनिवारी: "तुतारी आली. बुद्धभूषण आला. त्याला आमी ती दावली."

मीनाबाई, इतके हिवाळे मी आलेले पक्षी मोजले. न आलेल्यांसाठी जागा ठेवावी हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. तुम्हाला हे कधी सुचलं? इथे, माझ्या शाळेत असताना सुचलं असेल तर मला का सांगितलं नाहीत? की मी ऐकून घेणार नाही असं वाटलं? मी पान उलटत होते आणि कुठे चूक सापडते ते बघत होते. सरळच सांगते, चूक सापडावी म्हणूनच वाचत होते.

सापडली. शेपटीहलवी.

पाण्याच्या काठी चालणारा, काळा-पांढरा, शेपटी सतत वरखाली. चित्र अचूक, पाय अचूक आणि नाव 'शेपटीहलवी'. स्पर्धेचा नियम सात सांगतो, पक्ष्यांची नावं प्रमाण असावीत. पाच गुण त्याला आहेत. मी लाल पेन काढलं. अकरा ठिकाणी ते नाव खोडलं आणि अकरा ठिकाणी वर स्वच्छ अक्षरात 'परीट' लिहिलं. पाचपैकी शून्य दिलं. बेरीज केली तेव्हा तुमची वही दोन गुणांनी दुसरी आली.

पहिली आली ती एका शहरातल्या शाळेची दिसते. चकचकीत वही, नावं सगळी शुद्ध, चित्रं कॅलेंडरवरून उतरवलेली. हिमालयातला एक मोनालही आहे त्यात, तो त्यांना शाळेच्या गच्चीवरून दिसला म्हणे. त्या मुलांनी एकही पक्षी पाहिलेला नाही, हे मला पहिल्या पानावरच समजलं.

तरीही मला बरं वाटलं. हे लिहायची काही गरज नव्हती.

गि. हु.


१२ जानेवारी २००२, शनिवार

मीना,

चौदा वर्षं तुला 'तू' म्हणत होते. तुम्ही-तुम्ही लिहून हात अवघडला. हेही पत्र इथेच ड्रॉवरमध्ये राहणार आहे, त्यामुळे काय फरक पडतो?

आज नऊच्या नऊ मुलं आली होती. बंधाऱ्याच्या खाली पाणी उतरलंय, दगड उघडे पडलेत, त्यावर तीन होते. मी नाव सांगितलं. प्रसेनजीत म्हणून एक तिसरीतला आहे, त्याने विचारलं, "बाई, परीट का म्हणायचं?" मी धुण्याचं सांगितलं. लगेच एकाने कंबर हलवून दाखवली, "परीट आला, परीट आला!" मग सगळे सुरू झाले. दगडावरून दगडावर, नऊजण, कंबर हलवत. पक्षी केव्हाच उडून गेले होते.

नऊ मुलांत परटाचं कुणी नव्हतं. कुणीच रडलं नाही. रडणारं कुणी नव्हतं म्हणून आज ते मला नीट ऐकू आलं.

मुलांना शाळेत सोडलं आणि दोन साड्या घेऊन बनाबाईच्या इस्त्रीच्या दुकानात गेले. चार वर्षं मी तिथे फिरकले नव्हते. केरबा माझे कपडे पार लांबच्या कोपऱ्यावरच्या दुकानात नेतो. का, ते त्याने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

बनाबाईने इस्त्री खाली ठेवली नाही. "या बाई. वाट चुकलासा व्हय?"

"साड्या आहेत दोन."

"त्या कोपऱ्यावरच्याचा कोळसा सपला वाटतं."

मी म्हटलं, "शिवानी कुठे आहे?"

"शाळंला गेलीया. सातवीत हाय. शिवी आता माझ्या खांद्याला लागाय लागली."

"शिवी?"

"लाडाचं हाय ते. घरात हाक मारायची शिवी. भाईरनं कुणी दिल्याली न्हवं."

असं बोलते ती. तुला माहीतच आहे, कारण तू तिथे जातेस. दर दिवाळीला. मुलीला पेन्सिली नेतेस. हे मला आज बनाबाईकडून कळलं. बावड्यात येतेस, त्याच रस्त्याने येतेस आणि शाळेचं फाटक ओलांडून पुढे जातेस. चार दिवाळ्या झाल्या. मी त्या चारही दिवाळ्यांना घरीच होते, मीना.

मी विचारलं, "शेपटीहलवी हे नाव तुम्ही ऐकलंय का?"

"ऐकलंय म्हंजे? आमच्या शिवीनंच दिलंय की. त्या दिसानंतर मीनाबाई आल्या, हितं या कट्ट्यावर बसल्या. शिवी पलंगाखाली जाऊन बसल्याली. तितनं भाईर याय तयार न्हाई. मीनाबाई तितंच खाली बसून इचारत्यात, तू त्येला काय म्हणशील गं? लई येळानं आतनं आवाज आला, शेपटीहलवी. मीनाबाई म्हणल्या, मग आपून बी तेच म्हणायचं."

मग तिने इस्त्री उभी केली आणि माझ्याकडे बघितलं. "बाई, आमाला परीट म्हणून घ्यायची लाज न्हाई. आमी हायच परीट. ह्या पाटीवर बी लिवलंय बगा. पर येवढ्याशा पोरीला समद्या वर्गाफुडं हुबं करून धा येळा म्हणाय लावलंसा, ते कशापायी?"

मी म्हणाले, साड्या मंगळवारी नेईन. आणि घरी आले.

डिसेंबरच्या पत्रात मी लिहिलं होतं, एवढंच घडलं. एवढंच घडलं नव्हतं. तुला ते सांगायला नको, तू तिथे होतीस. पण माझ्या हाताने अजून कुठे लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते. मुलांनी "परीट आला" म्हणून शिवानीभोवती फेर धरला. ती रडायला लागली. मी सगळ्यांना गप्प केलं, तिला पुढे घेतलं आणि म्हटलं, हे पक्ष्याचं नाव आहे, यात रडायचं काय? म्हण मोठ्याने, हा परीट. दहा वेळा म्हण. तिने सातपर्यंत म्हटलं. वर्ग हसत होता. आठव्याला तिचा आवाज फुटला नाही, तेव्हा मी म्हटलं, अजून तीन राहिले. सोमवारपासून ती शाळेत आली नाही. तिचा दाखला न्यायला बनाबाई आली, त्यावर सही मीच केली. दाखल्यावर कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, 'घरगुती'.

तू माझ्या ऑफिसात येऊन विचारलंस, बाई असं का केलंत? मी म्हणाले, मुलीची भीड मोडावी म्हणून. तुला ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं.

खरं कारण हे. माझ्या शाळेत सगळ्यात चांगली नजर त्या मुलीची होती. एकदा धुक्यातून तिने टिटवी दाखवली होती आणि दुर्बीण लावूनही मला ती सापडत नव्हती. दाखवली कुणाला? तुला. तुझं बोट धरून. फेर धरलेल्या मुलांतून ती पळाली, तेव्हा मी तिच्यापासून दोन हात अंतरावर होते आणि तू वीस. माझ्यासमोरून पळत गेली आणि तुझ्या पदरात तोंड खुपसलं. तिच्या रडण्याचा मला राग आला नव्हता. ती कुणाकडे रडायला गेली, त्याचा आला होता. तुझ्या पदराआडून मीच तिला ओढून बाहेर काढलं, पुढे उभं करायला.

आता पत्र थांबवते. साडेसहा वाजले, ह्यांना भाकरी करायची आहे.

गिरिजा


२५ जानेवारी २००२

मीना,

निकाल दिला. तुझी वही पहिली.

लाल शाई पुसता येत नाही. ब्लेडने खरवडायला गेले तर कागद फाटायला लागला. शेवटी अकराही ठिकाणी खाली लिहिलं, 'मुलांनी दिलेलं नाव योग्य. खोडणाऱ्याची चूक.' आणि सही केली. आता तुझ्या मुलांच्या वहीत माझ्या अकरा सह्या आहेत, बाकी कुणाचीही नाही. छापताना काढून टाकायला सांग. नियम सातचे पाच गुण पूर्ण दिले. नियमात प्रमाण नाव म्हटलंय, प्रमाण कुणी ठरवायचं ते म्हटलेलं नाही. मी तीनदा वाचून खात्री केली.

मग वही घेऊन मंडळाचे चिटणीस बाळासो यांच्याकडे गेले आणि सांगितलं, ही वही कुणाची ते मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, तरी तपासली. माझे गुण रद्द करा, दुसरा परीक्षक नेमा.

बाळासो हसायला लागले. "अवो बाई, अख्ख्या जिल्ह्यात पोरास्नी पक्षी दावणाऱ्या बायका दोन. एक लिवणार, दुसरी तपासणार. वळखणार न्हाईसा तर काय?"

"मग माझ्याकडे पाठवलीत कशाला?"

"रागावू नगासा. तुमचं आन् मीनाबाईंचं वाकडं हाय ते उभ्या बावड्याला म्हाईत हाय. आमी म्हटलं, ह्या बाईंनी पयला नंबर दिला तर वहीत खोट काडायला जागाच न्हाई. आन् दुसरा दिला असतासा, तर आमी आणखी एकाला दावणारच हुतो की."

म्हणजे माझा मत्सर त्यांनी आधीच हिशेबात धरून ठेवला होता. तीन आठवडे मी माझ्याशी भांडले, आणि या माणसाला ते चहा पिता पिता ठाऊक होतं. निकाल तोच राहिला. मी चहा न घेता उठले.

साड्या आणायला मंगळवारी गेले होते, ते सांगायचं राहिलं. शिवानी दुकानात होती. उंच झाली आहे. तिने मला ओळखलं आणि साड्यांच्या घड्या मोजत राहिली. मी म्हणाले, "शिवानी, त्या दिवशी माझं चुकलं." ती म्हणाली, "बरं." एवढंच. आणखी काही म्हणेल म्हणून मी जरा थांबले. तिने साड्या कागदात बांधल्या.

मग मी विचारलं, "तू ठेवलेलं नाव पुस्तकात छापून येईल. जिल्हाभर जाईल. तुला चालेल का?"

ती म्हणाली, "ते मी मीनाबाईंना दिलंय. त्यांनाच इचारा की."

बघ. तिथेही तूच.

म्हणून विचारते. नाव छापू का? छपाईला पाच फेब्रुवारीला द्यायचं आहे. तू नाही म्हणालीस तर तो पक्षी चित्राखाली बिननावाचा जाईल, पण 'परीट' मी लिहू देणार नाही, आणि ते कंसातही नाही. बाळासोंना तसं सांगितलं आहे.

बक्षीस समारंभ रविवारी, तीन तारखेला, सकाळी दहाला. परीक्षक म्हणून बक्षीस मी द्यायचं आहे. माझ्या हातून घ्यायचं नसेल तर तसं एका ओळीने कळव, मी त्या दिवशी आजारी पडेन. मी कधी आजारी पडत नाही हे तुला ठाऊक आहे, त्यांना नाही.

पेपरला खुलासा पाठवू नकोस. मी दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्या, १९८४ ची माझी आणि ही. कल्पना माझी होती. तिचं जे झालं ते तू केलंस. मला अजूनही ते सहन होत नाही. निवृत्त झाल्यावर होईल असंही वाटत नाही, त्यामुळे तशी वाट बघू नकोस.

ही तिन्ही पत्रं एकाच पाकिटात घालते आहे. क्रमाने वाच, मधलं आधी वाचू नकोस.

आणि तीन तारखेला आलीस तर एक कर. मला माफ केलंस असं स्टेजवर, चहा पिताना किंवा नंतर पत्रात कुठेही म्हणू नकोस. तेही तुला माझ्यापेक्षा चांगलं जमेल, आणि ते मला बघवणार नाही.

गिरिजा